काकांचे पाचशे एमबी

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार. (तुमचे पाय सध्या ताईच्या घरी असल्यामुळे डोकं कागदावरच टेकवलं आहे.) गुडघ्याला आराम पडला असेल आणि ताईच्या घरातली सगळी घड्याळं अजून चालू असतील, अशी आशा आहे.

उशीर झाला, कारण तुमच्या व्हिडिओने माझा पिट्ट्या पाडला. घड्याळदुरुस्तीच्या शाळेला शिक्षक हवा होता. अर्जासोबत घड्याळ उघडून दाखवणारं चित्रण मागितलं होतं, आणि फाइल पाचशे एमबीच्या वर चालणार नाही, असं ठळक अक्षरांत बजावलं होतं. तुम्ही दिलीत एकशे दहा मिनिटं! स्क्रू नीट दिसायचे तर सेकंदाला आठ मेगाबिट लागतात. सहा हजार सहाशे सेकंद गुणिले आठ, बावन्न हजार आठशे. मला घाम फुटला. तेवढ्यात तुमच्या सूनबाईने (म्हणजे माझ्याच बायकोने) भाजी निवडता निवडता सांगितलं की हे बिट झाले, फाइल बाइटमध्ये मोजतात, आठाने भागा. भागलं. सहा हजार सहाशे एमबी, तरी मर्यादेच्या तेरापट. सगळं पाचशेत कोंबायचं तर सेकंदाला जेमतेम ०.६ मेगाबिट उरतात. तेही करून पाहिलं. स्क्रू गायब, चिमटा म्हणजे झुरळाची मिशी, आणि घड्याळाच्या जागी भिजलेलं बिस्कीट. चित्र स्वच्छ हवं तर फक्त पाचशे सेकंद मिळतात, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. काका, गणित कोणाचं वय बघत नाही.

मग कात्री घेऊन बसलो. पहिली पंचवीस मिनिटं तुमच्या गुरूंची स्तुती, पुढची चाळीस शेजारच्या चष्मेवाल्याची निंदा (त्याने आपली शिडी परत केली नाही, हा मुद्दा मला पटला), आणि चौदा मिनिटं भिंगाचा शोध, जे कपाळावरच होतं. घड्याळांचं दुकान बंद झाल्यापासून तुम्ही घरात नुसते येरझारा घालता, ते बघून जीव तुटतो. हे काम तुम्हाला मिळावं, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून घड्याळ प्रत्यक्ष उघडून, पुसून, पुन्हा चालू होतं तेवढीच आठ मिनिटं कापली आणि पाठवून दिली. मागे चष्मेवाल्याचा उद्धार ऐकू येतो, त्याला इलाज नव्हता.

ताईला नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. शाळेचं उत्तर आलं. निवड झाली! मात्र चित्रण पुन्हा नीट पाहिलं तेव्हा कळलं, त्या आठ मिनिटांतले हात काकूंचे आहेत. तुम्ही खुर्ची फिरवून खिडकीतून चष्मेवाल्याकडे बोट दाखवत होतात, तेव्हा कंटाळून त्यांनीच घड्याळ उरकलं. तीस वर्षं त्या दुकानात रोज डबा घेऊन येत होत्या. नुसता डबाच आणत असतील, असं आपण धरून चाललो. शाळेने लिहिलंय, हात फार स्थिर आहेत, फक्त मागचा रेडिओ बंद करायला हवा होता. काकूंनी होकार कळवला आहे.

आणखी एक. शाळेला आता दुसरं चित्रण हवंय, मर्यादा तीच. काकू म्हणतात, कॅमेरा तुम्हीच धरायचा. घड्याळात कुठे बघायचं ते तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. तेव्हा रविवारपर्यंत या. फक्त बोलू नका. आवाजाचेही बिट मोजतात.