खिडकीतली हिरवी बादली

१९ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे सगळे बरे आहेत. धाकटीची परीक्षा संपली, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. वहिनीचा गुडघा कसा आहे?

तू लिहिलंस, ‘यापुढे खरेदीचं सगळं तूच बघ. तुझी चौकशी चोख होती, घाई मी केली.’ या दोन वाक्यांना उत्तर लिहायला मला चार दिवस लागले.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. परदेशातला पुरवठादार सापडला की आधी नोंदणीचे कागद, मग त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन आणि शेवटी फोटो. त्यांच्या माणसाने कारखान्यात उभं राहून, आपल्या कंपनीचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद हातात धरायचा. घडीच्या शिड्यांसाठी चाळीसांतून दोघे उरले. दोघांचेही फोटो आले. कागद बरोबर, तारीख बरोबर. आणि दोन्ही फोटोंत, मागच्या खिडकीत, तुटक्या कडीची एकच हिरवी बादली.

म्हणजे दोघांपैकी निदान एक जण दुसऱ्याच्या कारखान्यात उभा होता. कोण, ते मला कळत नव्हतं. आपल्या शिड्या नक्की कुठे बनणार, तेही नाही.

हे सांगायलाच मी त्या संध्याकाळी तुझ्याकडे आले होते. पानावर बसल्या बसल्या तू म्हणालास, “काय शंकाखोर, झालं का समाधान? ही बया देवाकडेसुद्धा दोन जुन्या भक्तांचे फोन नंबर मागेल!” वहिनीला हसता हसता ठसका लागला. मीही हसले. सकाळी अहवालात ‘खात्रीलायक’ असं लिहून दिलं. बादल्या काय, सारख्या असतात, अशी स्वतःची समजूत घातली. पण कडी काही दोन बादल्यांची एकाच जागी तुटत नाही.

त्या अहवालावर मागवलेल्या एका शिडीची बिजागरी निसटून आपल्या गोदामातले काका पडले, तेव्हा दवाखान्यात काकूंपुढे तू हात जोडलेस. “चूक माझी, काकू.” मी शेजारी मोसंब्यांची पिशवी धरून उभी होते. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तू तरी एकटी किती बघणार, बाई?” मी मान हलवली. दादा, मी चक्क मान हलवली.

तुझ्या विनोदावर हे ढकलत नाही. तो विनोद चांगला होता. तुला एकदा तरी खूश करायचं होतं, एवढंच.

काका आता काठी घेऊन फाटकापर्यंत येतात म्हणे. रविवारी जाऊन त्यांना आणि काकूंना सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं. खरेदीचं काम माझ्याकडे देऊ नकोस.

दोन्ही फोटो सोबत ठेवले आहेत. बादली उजव्या हाताच्या खिडकीत आहे. तुला शोधावी लागणार नाही. मलाही लागली नव्हती.

सगळं पाहिलेली,
तुझी शंकाखोर