टेबलाखालची आडवी नळी

रविवार, संध्याकाळ

ती आडवी नळी डोळ्यांपुढून हलत नाही. तिनंच बाक टेबलाला जोडलेत, म्हणून तर सगळं एका झटक्यात मिटतं. कात्रजच्या शेडमध्ये ही घडीची टेबलं बनवताना मी इतके दिवस तेवढंच बघत बसलो, किती झटकन मिटतं ते.

आज भाच्याच्या मुंजीत, कसब्यातल्या कार्यालयात, मोठ्या हौसेनं माझी टेबलं मांडली. पुरुष नळीवरून पाय टाकून बसले. बायका मात्र उभ्याच. बाक मागे सरकत नाही आणि साडी गुडघ्यापर्यंत उचलल्याशिवाय नळी ओलांडता येत नाही. चारचौघांत कोण उचलणार? बायको कानाशी येऊन म्हणाली, "पुरुषांपुरतंच केलंत का हो?"

घरात आई आहे, ही आहे. एकीला तरी शेडमध्ये नेऊन बसवून बघावं, हे मला सुचू नये?

मावशीनं नळीकडे पाहिलं, निऱ्या सावरल्या आणि ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्यानं जेवायला लागली. वाढप्याला म्हणाली, "मला असंच बरं वाटतं." तिचे गुडघे किती दुखतात, मला माहीत नाही का?

पुरुषांची पंगत उठल्यावर मेहुणे म्हणाले, "एकदा मिटवून दाखवा की!" मी नाही म्हणायला हवं होतं. दाखवलं. एका झटक्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशीचं जेवण अजून चाललं होतं. ती गुडघ्यावर हात देत कशीबशी वाकली, ताट जमिनीवर ठेवलं, आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.