नानीचे सात दिवस

सोमवार, ७ ऑक्टोबर

खालाजान,
सलाम वि. वि.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. माझी नेहमीची पाळी सात दिवसांची, असं म्हटलं होतं. ती सहाची आहे. तुमचं उत्तर त्या सातावरच उभं आहे, म्हणून आधी हे.

या वेळी रक्त थांबेचना, आज चौदावा दिवस. तुम्ही कळवलंत की दहाच्या वर गेलं की नेहमीचे दिवस तेवढीच पाळी धरायची, नमाज तेवढेच दिवस माफ. पुढचं सगळं इस्तिहाजा, म्हणजे आजाराचं रक्त, त्यात नमाज सुटत नाही. पत्र मिळालं त्याच दिवशी आंघोळ करून नमाज सुरू केली. बुडालेल्या नमाजा आठव्या दिवसापासून मोजाव्यात म्हणून कॅलेंडर काढलं, तर दर महिन्याला पेन्सिलीचे ठिपके सहाच! सातव्या दिवशी ठिपका नाही, आणि नमाजही नाही. अम्मीनं पहिल्यापासून शिकवलं की सात पुरे होऊ दे, मग आंघोळ. मी कोरडी असूनही नमाज न पढता बसून राहायचे.

म्हणजे दर महिन्याचा एक दिवस, तोही नऊ वर्षं. बाइंडिंगच्या कारखान्यात माझं कामच पुस्तकातला फर्मा, म्हणजे पानांचा जुडगा, गळलाय का हे पाहण्याचं, आणि स्वतःचे शंभरावर दिवस गळले ते दिसले नाहीत.

कारखान्यात नळ एकच, खळीच्या बादल्यांजवळ. दर नमाजेला नवा वुझू करते, हात, तोंड, पाय धुते, पण टाच कोरडी राहिली असं वाटून पुन्हा पाय धुते. शिलाईवाल्या बाईंनी विचारलंही, पायाला खळ चिकटलीय का म्हणून.

रागावायचं तर पत्रातच रागवा, फोनवर नको.

तुमची भाची


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चि. भाचीस,
अनेक दुआ.

रागावू कुणावर? तू तर महिन्याच्या महिन्याला ठिपके मांडणारी पोर.

आमच्या मदरशातल्या आलिमाबाईंना विचारलं. या महिन्याच्या नमाजा सातव्या दिवसापासून फेडायच्या. मागच्या वर्षांचा अंदाज धर, जरा जास्तच धर, आणि रोज प्रत्येक फर्ज नमाजेबरोबर एक कजा, म्हणजे बुडालेली, पढ. रात्रीची वित्रची नमाज विसरू नकोस. चारपाच महिन्यांत फिटतील. आणि पाय एकदाच धू. तुझ्या वुझूला विहीर पुरायची नाही! शंका आली की तिला सांग, खालानं मनाई केलीय. डॉक्टरीणबाईंकडे मात्र जा. तिथे लाजण्यासारखं काही नाही.

आता माझी गोष्ट. ते सात दिवस तुझ्या नानीचे. तिची पाळीच सातांची होती. आम्हा दोघींना तिनं स्वतःचा आकडा दिला आणि आम्ही तो दीनचा, धर्माचा हुकूम समजलो. मी मदरशात शिकले तेव्हा माझं मी सुधारलं. पण आपा, तुझी अम्मी, थोरली, मला वेणीफणी करून वाढवणारी. तिच्यापुढे जीभ रेटली नाही. वीस वर्षं गप्प बसले, आणि त्याची किंमत तू मोजतेस. डिसेंबरात येईन तेव्हा मीच तिला सांगेन. तोवर तू बोलू नकोस, तिला लागेल.

तुझी खाला


मंगळवार, १५ ऑक्टोबर

खालाजान,
सलाम वि. वि.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या. घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या. रविवारी रक्त थांबलं. रोजच्या पाच कजा आणि वित्र चालू आहेत. पाय एकदाच धुते, निदान घरी तरी.

पण डिसेंबरपर्यंत थांबता येणार नाही. काल धाकट्या बहिणीची पाळी आली, आयुष्यातली दुसरी. पहिली पाचव्या दिवशी थांबली होती. तरी अम्मीनं तिला सातपर्यंत बसवलं. काल पुन्हा तेच बजावत होती, किती मायेनं! उशीखाली रुमालांची घडी ठेवली, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि म्हणाली, सात दिवस आराम कर, माझी आईही मला असंच जपायची. हे खोडताना नानीचं प्रेमच चूक होतं असं अम्मीला वाटायला नको.

म्हणून तुमचंच वाक्य वापरणार आहे. नानी चुकली नाही. सात हा नानीचा आकडा होता. अम्मीचा वेगळा असेल, धाकटीचा वेगळा. अम्मी रडेल, किंवा कालची मुलगी मला दीन शिकवते म्हणून फणकारेल. दोन्ही सोसेन. तुमचं नाव घेणार नाही. ते तुम्ही आल्यावर तुमचं तुम्ही सांगा.

लोभ आहेच, या खेपेला थोडी हिंमतही पाठवा.

तुमची भाची

ता. क. धाकटीचा पाचवा दिवस शुक्रवारी. मी त्याच्या आदल्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. अम्मीशी बोलणार ती तेव्हाच, अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर: गुरुवार, १७ ऑक्टोबर.