जायला अर्धा तास, यायला साडेतीन

४ मार्च
गिऱ्हाईक आमच्या विमान-तिकिटांच्या काउंटरवर कोपर टेकून — "मॅडम, तिकडे जायला किती वेळ लागतो?" मी नेहमीचा पाठ म्हटला. हवाई अंतर बाराशे किलोमीटर, विमानात दोन तास. शिवाय रांगा, बॅगा — अर्धा दिवस गेलाच समजा.
तिकडेच, समुद्रापलीकडे, दादा राहतो. दिवसभर मी लोकांना तिथे पाठवते आणि संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन घरी येते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

५ मार्च
बाबांचे गुडघे, माझी पाठ. बाकी काही नाही.

७ मार्च
मालकीणबाईंनी आत बोलावलं. बंदराच्या गावात नवी शाखा उघडतायत, ती मी चालवायची. वर राहायला खोली. "महिनाअखेर सांग." इतकं हवंय मला ते!
पण बाबा? जिना उतरवत नाही, गॅस बंद करायला विसरतात. दादाला फोन केला. "अगं, दोन तासांचं तर अंतर. हाक मार, आलोच." वर्षानुवर्षं हेच ऐकतेय.

१० मार्च
जेवताना बाबा भिंग घेऊन विमानांचं वेळापत्रक वाचत बसले. "इथून दहाला सुटतं, साडेदहाला पोचतं. अर्धा तास. आणि तिथून दहाला सुटलेलं इथे दीडला. साडेतीन तास! उगाच त्या बिचाऱ्याला बोल लावतेस. येताना चढ असणार."
चढ! हसता हसता ठसका लागला. सांगितलं, तिकडची घड्याळं दीड तास मागे असतात, दोन्हीकडून दोनच तास. पण जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस तो. "मापं मला शिकवू नकोस. छापलंय ते छापलंय."

१५ मार्च
लिहूनच टाकते. अडकलेय मी. न्हाणीघरात गेले तरी दार नुसतं लोटते, बाबांची हाक ऐकू यावी म्हणून. राग येतो त्यांचा. मग रागाचा राग येतो. ते वाईट असते तर मी कधीच निघून गेले असते. पण ताटातली साय अजून माझ्याकडे सरकवतात.

२० मार्च
बाबांना आज शाखेबद्दल सांगितलं. नाही म्हणणार आहे, हेही सांगितलं. ते माझ्या कुडत्याचं बटण लावत होते. दोरा दातांनी तोडला.
"दादाला फोन लाव."
"तो नाही यायचा, बाबा."
"त्याला यायला साडेतीन तास. मला जायला अर्धा. मीच जातो."
वाटलं, थट्टा करतायत. तर म्हणाले, माळ्यावरची बॅग काढ.

२५ मार्च
दादा आला आणि बाबांना घेऊन गेला. विमानतळावर बाबा चाकाच्या खुर्चीत ताठ बसले होते. मागे वळून पाहिलं नाही. मला राग आला — इतकी घाई?
मालकीणबाईंना हो कळवलं. घरी येऊन दोघांचा भात लावला.

२६ मार्च
दादाचा फोन. नीट पोचले. मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही नेलंस? तो म्हणाला, "दर वर्षी विचारायचो गं. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. म्हणायचे, मी आलो तर ती एकटी पडेल. तिच्यापायी अडकलोय."