गाणं पोटात ठेवायचं

आबा, पुढच्या शनिवारी मला जपानी गाणं म्हणायचंय. हसू नका. जालन्यात आमच्या कारखान्यात मशीन बसवायला दोन जपानी इंजिनियर आलेत, त्यांच्या निरोपाला साहेबांनी कराओके ठेवलाय. पडद्यावर शब्द, मागे तयार वाद्यं, गायचं आपण. प्रत्येक विभागाचं एक जपानी गाणं. आमच्याकडून मी, आष्टीच्या गायन पार्टीवाल्याची पोरगी ना!

पोरं म्हणाली, रॉकच घ्या मॅडम. मी संशयानंच ऐकायला बसले. पहिल्या गाण्यात नुसती आरडाओरड. दुसरं गोड होतं, पण अर्थ सांगताना पोरं एकमेकांकडं बघून हसली, तेव्हा ते लगेच बाद केलं. न जाणो, पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून भलतंच वदवून घ्यायची. तिसऱ्याचा अर्थ मोबाइलवर तीनदा तपासला: एक माणूस सायकलवरून गाव सोडून चाललाय, एवढंच. पट्टी मला झेपते, मुखडा पहिल्याच ओळीत पकडतो, आणि सुरुवातीचा ड्रम असा घुमतो की आपल्या ढोलकीवाल्या काकांचा हात आठवावा. गाणं देवनागरीत वहीत उतरवलं आणि वही कपाटात साड्यांखाली दडवली. कुठलं गाणं घेतलं ते पोरांनाही नाही, घरातसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

तुमचीच सवय. तुम्ही गाण्यांची वही पेटीत घालून कुलूप लावायचे. जयंतीला गाण्याच्या मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. आपलं नवं गाणं समोरच्यानं आधी म्हटलं की संपलं. "गाणं स्टेजवर चढेपस्तोर पोटात ठेवायचं. भिंतीलाबी कान असतेत," असं तुम्ही बजावायचे. आईसमोरही गुणगुणायचे नाहीत. फक्त मला जवळ बसवून चाल बांधायचे, कारण नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय.

काल तालमीत स्टोअरची बाई उठली आणि माझंच गाणं म्हणाली. अंगाची लाहीलाही झाली माझी. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो, सगळ्यात जवळ तीच बसते, म्हणून तिच्यावरच माझा संशय गेला. चारचौघांत म्हणाले, "तूच फोडलंस." ती म्हणाली, "म्या कशाला सांगू माय? रोज डबा धुताना बेसिनपाशी तूच तर गुणगुणून राह्यलीस. त्या शिपायालाबी पाठ झालंय."

असंच एकदा झालं होतं, आबा. त्या वर्षी समोरच्या पार्टीनं तुमचं नवं गाणं तुमच्याआधी म्हटलं आणि तुम्ही रिकाम्या हातानं घरी आलात. सकाळी ओसरीवर तुम्ही काकांना म्हणालात, "फितूर आपल्यातलाच हाय." काका उभेच होते. "इतक्या वर्साचा भरोसा न्हाई व्हय तुला? म्या कुणाकडं गेल्तो सांगाया?" त्यांनी ढोलकी ओसरीवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. पुन्हा आपल्या दारात आले नाहीत. पार्टी मोडली. तुम्हीही त्यानंतर कधी पेटी उघडली नाहीत. तुम्ही आईवर संशय घेतला, सख्ख्या भावावर घेतला. मला मात्र एकदाही विचारलं नाहीत.

आज मैत्रिणीची माफी मागितली. तिनं डबा पुढं सरकवला, झालं. काकांना जाऊनही आता वर्षं झाली, तुम्हालाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहू दे, जपानी गाण्याच्या मागच्या पानावर.

पण लिहून टाकते. जयंतीच्या आधी हापशावर समोरच्या पार्टीवाल्याची बायको म्हणाली होती, "काय गोड गळा हाय गं, पुन्हा म्हण की." मी घागर भरेपर्यंत तुमचं गाणं दोनदा म्हटलं, शेवटच्या कडव्यासकट. काका चपला घालत होते तेव्हा मी दाराआड उभी होते, आणि मला सगळं कळत होतं.