नव्व्याण्णव मिनिटांची सीडी

प्रिय अहो,

आज भांडायला तुम्ही पाहिजे होते. दुकानात गिऱ्हाईक नाही, विजेची लाइन आत्ताच आली आहे, आणि कोणावर तरी ओरडल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तुमच्या बहिणीवर ओरडले तर ती रडत बसेल. म्हणून लिहायला बसले.

सुनंदाची सीडी लागली हो! कुठे लागली ते ऐकाल तर तुम्हीच कपाळावर हात मारून घ्याल.

किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला? तुम्ही लग्नाची शूटिंग करायचे आणि मी कॉम्प्युटरवर मिक्सिंग. सीडी बनवणारी मी, पण माझं ऐकायचं कोणी? कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत. लग्नं थांबली नाहीत, पण आटत गेली. आधी बँड गेला, मग रोषणाई गेली, आणि मग लोक आपल्या दिग्रसच्या दुकानात येऊन म्हणायला लागले, "भाऊ, दोन-दोन सीड्या कायले? एकातच बसवा ना सारं लगन."

साध्या सीडीत ऐंशी मिनिटंच बसायची. तुम्ही नागपूरहून नव्व्याण्णव मिनिटांच्या कोऱ्या सीड्या घेऊन आलात. काय तो थाट! पहिली लिहिताना कॉम्प्युटर आपणहून बजावत होता, की सीडीच्या मापापेक्षा जास्त भरताय, पुढे जाऊ का? मी थांबले. तुम्ही माझ्या हातातला माउस ओढून 'हो' दाबून मोकळे!

आणि ती आपल्या दुकानातल्या प्लेयरवर चालली. तिथेच घात झाला. तो बिननावाचा स्वस्तातला प्लेयर काहीही घातलं तरी चालवायचा. मी म्हटलं, "आपल्यावर चालली म्हणून गावातल्या साऱ्याहीच्या प्लेयरवर चालंल काय?" तुम्ही म्हणालात, "अवं शोभे, सीडी गोल, प्लेयर गोल, चालंल नाई त काय करन?"

हे काय उत्तर झालं?

महिनाभरात लोक परत यायला लागले. पांढरकवड्याचे ते ट्रकवाले काका आठवतात? काउंटरवर सीडी आपटून म्हणाले, "पंगतीपर्यंत बराबर चालते, मंग अटकते. पोरगी सासरी जाऊनच नाई राह्यली ना भाऊ!" सारे हसले. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत, "तुमच्या प्लेयरची लेन्स पुसून घ्या."

लेन्स! शेवटची मिनिटं सीडीच्या अगदी काठावर असतात आणि कित्येक प्लेयर तिथपर्यंत पोचतच नाहीत, हे मी तुम्हाला वाटीच्या काठावर बोट फिरवून दाखवलं होतं. तुम्ही वाटीतली शेव खाल्लीत. पुढे लोकांनी त्या सीड्या सायकलच्या मडगार्डवर बांधल्या. आपली लग्नं रस्त्यानं चमकत जाताना पाहून मला लाज वाटायची. तुम्ही म्हणायचे, "जाहिरात होऊन राह्यली."

मग फुलसावंगीची सुनंदा आली. तिच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि तिचे बाबा, एसटीतले कंडक्टर, अचानक गेले होते. तिनं सांगितलं, तिला जीपमध्ये बसवल्यावर बाबांनी जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, बसला डबल बेल देतात तशा, आणि ओरडले, "जाऊ द्या!" सगळा मांडव हसला, आणि ते हसता हसता रडायला लागले. "तेवढंच पाहाचं आहे काकू. सीडी तेथंच अटकते."

तोवर आपल्या प्लेयरचंही व्होल्टेजनं वाटोळं झालं होतं. मी म्हटलं, असू दे, मूळ कॅसेट काढू. ती कॅसेट तुम्ही दुसऱ्या लग्नाला वापरली होती! काहून? नवी कॅसेट महाग, म्हणून. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही, आणि आजही त्या गोष्टीवर बोलायची इच्छा नाही.

तुमच्या मनाला मात्र ती सीडी लागली ती लागलीच. शबनम थैलीत घालून यवतमाळ, आर्णी, पुसद, जिथे प्लेयर तिथे तुम्ही. लोकांच्या बैठकीत बसून चहा प्यायचा, सीडी घालायची, चौकोन चौकोन होऊन चित्र थांबलं की पुढल्या घरी. शेवटी शेवटी तर वरचा चंदेरी थरही काठाला पापुद्र्यासारखा सुटायला लागला होता. मी म्हणाले, "जाऊ द्या आता, सांगून टाका पोरीला." तुम्ही म्हणालात, "काय सांगू? तुह्या बापाले मी पुसून टाकलं म्हणून सांगू?"

पुसदच्या स्टँडवर तुम्ही कोसळलात, तेव्हाही सीडी थैलीत होती. लोकांनी मला चप्पल, चष्मा आणि सीडी आणून दिली. एका सीडीपायी कोणी असं उन्हातान्हात फिरतं का हो? छातीत दुखतंय, हे मला सांगायला काय झालं होतं?

आता ऐका. परवा माळा आवरायला घेतला. जुन्या वायरींच्या खोक्यात आपला पहिला सीडी रायटर निघाला. ट्रे उघडत नाही म्हणून तुम्हीच टाकला होतात. हातात घेतला आणि एकदम ध्यानात आलं. याच रायटरनं ती सीडी अगदी काठापर्यंत लिहिली होती, म्हणजे हा तिथवर पोचणारच! तुम्ही सारा जिल्हा पालथा घातलात, आणि हा आपल्या डोक्यावर बसला होता. मलाही सुचलं नाही, पण तुम्ही मला घरात बसून विचार करू दिला असतात तर सुचलं असतं.

त्याच्या बारक्या भोकात टाचणी घालून ट्रे बाहेर ओढला, सीडी ठेवली, हातानं आत ढकलला. बराच वेळ घरघरला आणि वाचायला लागला. मी हात लावला नाही.

काल सुनंदाला बोलावलं. जीप आली. थापा ऐकू आल्या, दोन्ही. "जाऊ द्या!" स्वच्छ ऐकू आलं. पण तिचे बाबा पाठमोरे होते. आणि मग कॅमेऱ्यामागून कोणी तरी ओरडलं, "कंडक्टर साहेब, इकडं पाहा! जरा इकडं पाहा ना भाऊ!"

तो आवाज तुमचा होता.

ते वळायला लागले, आणि चित्र फुटलं. चौकोन, हिरवे पट्टे, काळं. त्यापुढे काही नाही.

सुनंदा म्हणाली, "मले चेहरा पायजे होता, काकू." तिनं आभार मानले नाहीत, बरं केलं. आवाज तेवढा साध्या सीडीवर उतरवून दिला, तो घेऊन गेली.

ती गेल्यावर मी पुन्हा लावलं. तिच्या बाबांसाठी नाही. घरात तुमचे फोटोसुद्धा धड नाहीत, सगळ्या गावाचे काढत फिरलात. आवाज तर कुठेच ठेवला नव्हतात. मी पुन्हा पुन्हा लावलं, आणि दर वेळी तुम्ही त्या माणसाला 'इकडं पाहा' म्हणत होतात.

राग गेला असं समजू नका. तो आहेच, आणि राहील.

पण उद्यापासून मी गावोगाव जाणार आहे. ज्यांना ज्यांना आपण या सीड्या दिल्या, त्यांच्या घरून त्या मागून आणीन, मडगार्डवरच्यासुद्धा सोडवीन. हा रायटर दम धरील तोवर एकेक वाचून, दोन-दोन साध्या सीड्यांवर उतरवून, ज्याची त्याला परत देईन. लोकांना म्हणेन, तुमच्या पोरीच्या बिदाईसाठी करते. ते खोटं नाही. पण प्रत्येक बिदाईत कॅमेऱ्यामागं तुम्ही ओरडत असाल, आणि ते मी कोणाला सांगणार नाही.

तुमची,
शोभा