भाजणीचं पार्सल

जेलरोड, नाशिकरोड
२१ फेब्रुवारी २००८

प्रिय आरोही,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले. रागाने लिहीत नाहीये. उचलून तरी काय बोलायचं, हे जसं मला सुचत नाही तसं तुलाही सुचत नसेल. पण तू पाठवलेलं पार्सल पोचलं, एवढं तुला कळायला हवं. शेखर घरी आला. डिसेंबरात तुमच्याकडच्या त्या बर्फाच्या रस्त्यावर गाडी घसरली, तू एकटीने सगळं निस्तरलंस, त्याला अग्नीही तिकडेच दिलास, आणि आम्हा दोघांकडे साधा पासपोर्ट नव्हता म्हणून पोराचं तोंडही बघायला मिळालं नाही. आई, पासपोर्ट काढून ठेवा, म्हणून तो किती मागे लागला होता. तुझे सासरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाले तरी कामावर असल्यासारखे, काढू की पुढच्या महिन्यात, म्हणत राहिले. आता काढलाय. कपाटात पडलाय.

तू अस्थी कुणा येणाऱ्याच्या हाती पाठवशील असं मी धरून चालले होते. टपालाने माणूस येतो हे मला कुठलं माहीत? दुपारी पोस्टमनने बेल वाजवली, सही घेतली. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव. मला वाटलं, यांच्या गुडघ्याच्या गोळ्या असतील, तू नेहमी पाठवतेस त्या. खोकं आत आणलं आणि सवयीने ओट्यावरच्या काट्यावर ठेवलं. जित्याची खोड, दुसरं काय. आकडा आला दोन किलोच्या वर. दिवाळीला मी तुम्हाला पाठवायचे साधारण तेवढाच. मी मनात म्हटलंसुद्धा, पोरीने या खेपेला बरंच काय काय भरलंय. मग यांनी चष्मा लावून वर चिकटवलेला इंग्रजी कागद वाचला आणि खुर्चीत बसले. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाले, त्याला काट्यावरून उतरव. ‘त्याला’ म्हणाले, तेव्हा मला कळलं.

हा काटा त्यानेच आणलेला. तुम्ही सुट्टीला आला होतात, पण तू तेव्हा पुण्याला माहेरी गेली होतीस, म्हणून तुला ती गंमत ठाऊक नसेल. कोपऱ्यावरच्या कुरिअरवाल्या गोटीरामशी माझं दर पार्सलला वाजायचं. घरच्या तराजूवर बरोबर असलेलं खोकं त्याच्याकडे गेलं की अंगावर चढायचं, आणि अर्ध्या किलोच्या वर चिमूटभर गेलं तरी पुढच्या अर्ध्या किलोचं भाडं. नाकापेक्षा मोती जड. मी दुकानातच खोकं उघडून नागलीचे दोन पापड काढायची, गोटीराम म्हणायचा, काकू, लोक खोळंबलेत ना. शेखर ते बघून पोट धरून हसला आणि संध्याकाळी मेनरोडवरून हा काटा घेऊन आला. वहीएवढाच, वर काचेची पाटी, हिरवे आकडे. भांडं ठेव, बटण दाबून शून्य कर, मग माल टाक, असं मला शाळेतल्या पोरीसारखं शिकवलं. तेव्हापासून मी गोटीरामला हरवलं. भाजणी भरायची, उरलेल्या जागेत कारळ्याची चटणी, तरी जागा राहिली तर बडीशेपेची पुडी, पण भाड्यातला एक ग्रॅम फुकट घालवायचा नाही. तो फोनवर विचारायचा, आई, या वेळी किती ग्रॅम माया पाठवलीस? मी म्हणायचे, मापातच आहे, उतू नकोस, मातू नकोस.

जानेवारीत तू मला विचारलंस, आई, त्यातलं थोडं माझ्याजवळ राहू दे का. मी नाही म्हणाले. आपल्यात अस्थी घरात ठेवत नाहीत, जीव घोटाळत राहतो, सगळं पाठव, असं सांगितलं. तू बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तो आपला शेवटचा फोन. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं, आणि माझा मुलगा मला हवा होता. पण तू शब्दाची इतकी पक्की की खरोखर सगळंच पाठवलंस. एखादी बाई लपवून चिमूटभर ठेवती. तू ठेवलं नसणार, हे ते खोकं बघताक्षणी मला कळलं.

चांदवडहून यांचे धाकटे भाऊ, मल्हारीभाऊजी, आले. त्यांनी उंबऱ्यातच पाय थांबवला. वहिनी, अस्थी घरात नाय घेत, गावाकडं झाडाला बांधतात, हे काय करून बसलात. मी म्हटलं, भाऊजी, आमच्या सोसायटीत झाड म्हणजे पार्किंगमधला एक वाळका अशोक, खाली सगळ्यांच्या स्कूटरी, तिथं टांगू माझ्या पोराला? मग ते चपला काढून आत आले. मी त्याला त्याच्या कॉलेजच्या वेळच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. विसर्जनापर्यंत तो तिथेच होता. सकाळचा चहा घेऊन मी शेजारी बसायची. कुणाला सांगू नकोस, पण आरोही, मला बरं वाटत होतं गं. पोर घरात आहे, एवढंच. आणि बसल्या बसल्या लक्षात आलं की तूही एवढंच मागत होतीस. मला तो पाळण्यापासून मिळाला. त्याचा गोवर, त्याची बारावी, त्याचं ते पेटी शिकण्याचं खूळ, सगळं माझ्याकडे आहे. तुला किती थोडा मिळाला. आणि त्यातलाही मी मागून घेतला.

हे दोघे भाऊ पंचवटीत गुरुजींना भेटायला गेले, तेव्हा मी दाराला कडी लावली आणि काटा टेबलावर घेतला. खोक्यासकट शून्य केलं. एक मूठ काढली की आकड्याच्या आधी उणेची रेघ उमटायची. चमचा नाही वापरला, हातानेच काढलं. किती काढू ते कळेना. सवयीने आधी डोक्यात आलं की अर्ध्या किलोच्या आत बसवावं, आणि माझी मलाच इतकी शिसारी आली की बटण दाबून काटा बंद केला. मग अंदाजाने घेतलं, जेवढं माझ्याने देववलं तेवढं. भाजणीची पिशवी मी हॅक्सॉ करवतीच्या पात्यात धरून, कड मेणबत्तीवर वितळवून चिकटवते, तुला माहीत आहे. या पिशवीला मेणबत्ती नाही लावली. त्याच्याजवळ पुन्हा आग नको. दोऱ्याने बांधली, वरून दुसरी पिशवी, तीही दोऱ्याने.

दुसऱ्या दिवशी रामकुंडावर विधी झाले. गर्दी होती, शेजारी कुणाचं तरी पिंडदान चाललं होतं, गुरुजी भराभर सांगत होते. यांनी पाण्यात उतरून खोकं हातात घेतलं आणि थांबले. खोक्याकडे बघितलं, मग वर पायरीवर माझ्याकडे. त्यांनी ते टेबलावरून रोज उचलून पुसलं होतं, हलकं झालेलं त्यांना कळणारच. भाऊजी म्हणाले, दादा, सोडा आता. यांनी होता तेवढा सोडला. घरी येताना रिक्षात माझा हात धरून बसले. चारचौघांत यांनी माझा हात लग्नातच काय तो धरला असेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते सांगते. गोटीरामला मी आडून विचारलं की लोक अस्थी पाठवतात का रे परदेशात. काकू, इकडून असलं कुणी घेत नाही, म्हणाला. म्हणून मी वर भाजणी लिहिणार आहे. रंग साधारण तसाच आहे गं. माझ्या भाजणीचं खोकं गोटीराम डोळे झाकून घेतो. पण तूही माझं अक्षर बघून ते तसंच डब्यात ओतशील, पाणी घालून थालीपीठ थापायला घेशील, या धास्तीने पार्सलाच्या आधी पत्र टाकते आहे. पार्सल अजून माझ्याकडेच आहे, त्याच्या टेबलावर. पत्र मिळालं की मला बोलायला लावू नकोस, तूही बोलू नकोस. माझा खाऊ मिळाला की तो मिस्ड कॉल द्यायचा ना, तसा एक दे. मी उचलणार नाही. रिंग वाजली की मी त्याला तुझ्याकडे लावून देईन. नाही वाजली तर समजेन की आता तुला नको आहे, आणि मनाला लावून घेणार नाही. जीव घोटाळायचा तर घोटाळू दे, तुझ्याभोवती घोटाळेल. फक्त तो पोचला की खोकं स्वयंपाकघरात उघडू नकोस.

तुझीच,
शेखरची आई